सेगमेंटेशन फॉल्ट सारखा येतोय? आधी स्टार हलवणं थांबवा

तक्रार साधारण अशी असते. सी मधला प्रोग्रॅम कंपाइल होतो, एरर एकही नाही. घरच्या लॅपटॉपवर आउटपुट बरोबर येतं. कॉलेजच्या लॅबमध्ये उबंटूवर चालवला की ‘सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड’, म्हणजे मेमरीत नको तिथे हात गेला म्हणून प्रोग्रॅम बंद. दोष असतो पॉइंटरमध्ये, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये. मग शेजारचा मित्र वाकून बघतो, एक स्टार (*) काढतो, एक ॲम्परसँड (&) लावतो आणि प्रोग्रॅम चालायला लागतो. सबमिशन होतं, जर्नलवर सही मिळते. दोन असाइनमेंटनंतर लिंक्ड लिस्टच्या (प्रत्येक नोंद पुढच्या नोंदीचा पत्ता धरून ठेवते अशा यादीच्या) नोडमध्ये एखादं फील्ड वाढवलं की पुन्हा तेच.

कर्वेनगरात मी सी आणि डेटा स्ट्रक्चर्सच्या बॅचेस घेते. प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आल्या की हा प्रश्न रोज येतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी पहिलं वाक्य ‘मॅडम, काल चाललं होतं’ हेच असतं. चाललं होतं हे खरंच असतं. काल चाललेला प्रोग्रॅम कालही चुकलेलाच होता, एवढं आधी पटायला हवं. ते पटलं नाही तर खालचं काहीच उपयोगाचं नाही.

खालचे कोडचे तुकडे देवनागरीत लिहिले आहेत. कॉम्प्युटरवर टाइप करताना कीवर्ड, फंक्शनची नावं आणि आकडे नेहमीच्या रोमन लिपीत टाका. (जाता जाता: जीसीसीच्या, म्हणजे आपण वापरतो त्या सी कंपायलरच्या, १० व्या आवृत्तीपासून व्हेरिएबलची नावं खरोखर देवनागरीत देता येतात. एक्स्टर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर) मात्र हा प्रयोग नको.)

आधी हे करा

कोडकडे बघण्याआधी कंपाइल करायची आज्ञा बदला. नुसतं जीसीसी आणि फाइलचं नाव एवढं पुरत नाही. सोबत तीन गोष्टी द्या: -वॉल, -जी आणि -एफसॅनिटाइज=ॲड्रेस. यातल्या ‘वॉल’चा डब्ल्यू कॅपिटल, बाकी सगळं लहान लिपीत. पहिल्याने इशारे दिसतात, दुसऱ्याने ओळ क्रमांक कळतात, आणि तिसऱ्याने प्रोग्रॅम मेमरीला चुकीच्या जागी हात लावतो त्याच क्षणी थांबतो. ॲड्रेस सॅनिटायझर जीसीसीमध्ये ४.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून आहे. तरी आपल्याकडे तो शिकवलाच जात नाही, याचं मला दर वर्षी नव्याने आश्चर्य वाटतं.

विंडोजवर मिनजीडब्ल्यूचं जीसीसी वापरत असाल, तर तिसरा पर्याय दिल्यावर लिंकर ‘लासॅन सापडत नाही’ अशा अर्थाची एरर देईल. त्याच्याशी झगडू नका. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाका, त्यात उबंटू घ्या आणि तिथे कंपाइल करा.

इशारे वाचा. ‘वॉर्निंगच आहे, एरर नाही’ हे वाक्य मी बॅचमध्ये बंद केलं आहे. पॉइंटरच्या निम्म्या भानगडी जीसीसी आधीच सांगून मोकळा झालेला असतो.

काल का चालला होता

चुकीच्या पत्त्यावर लिहिलं की प्रोग्रॅम पडतो, असा समज असतो. सी भाषेचं मानक तसं वचन कुठेच देत नाही. अशा वेळी काय व्हावं हे त्यात ठरवलेलंच नाही. प्रोग्रॅम पडेल, चालेल, चुकीचं उत्तर देईल, किंवा आज एक आणि उद्या दुसरं करेल.

पडणं हे ऑपरेटिंग सिस्टिमचं काम आहे. नेहमीच्या पीसीवर लिनक्स प्रोग्रॅमला मेमरी देतं ती पानांनी, आणि एक पान ४०९६ बाइटचं असतं. तुमचा चुकीचा पत्ता तुम्हाला न दिलेल्या पानात गेला, किंवा फक्त वाचण्यासाठी दिलेल्या पानावर तुम्ही लिहायला गेलात, तर प्रोसेसर ओरडतो आणि लिनक्स प्रोग्रॅम बंद करतं. पण तो पत्ता तुमच्याच एखाद्या पानात पडला तर कुणी ओरडत नाही. तिथे जे काही होतं ते गुपचूप बिघडतं आणि प्रोग्रॅम पुढे चालू राहतो. म्हणून सेगमेंटेशन फॉल्ट आला तर त्यातल्या त्यात बरं झालं म्हणायचं.

अजून काही ठिकाणी डॉसबॉक्समध्ये (नव्या मशीनवर जुना डॉस चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टर्बो सी चालवतात. तिथे गोष्ट आणखी वेगळी. तो कंपायलर १६ बिटांच्या डॉससाठी लिहिलेला, आणि डॉसमध्ये मेमरीला पहारा नाही. कुठेही लिहा, कुणी अडवत नाही. स्मॉल मॉडेलमध्ये (मेमरीच्या लहान मांडणीत) तिथला पॉइंटर २ बाइटचा, इंटही २ बाइटचा. जुन्या पुस्तकांत ६५५२४ असले पत्ते छापलेले दिसतात ते त्यामुळेच, कारण १६ बिटांत ६५५३५ च्या पुढे आकडाच नाही. नल, म्हणजे शून्य, पत्त्यावर लिहिलं तरी टर्बो सी मुकाट्याने लिहू देतो. फक्त डेटा सेगमेंटच्या सुरुवातीला कंपनीने आपली कॉपीराइटची ओळ ठेवलेली असते. प्रोग्रॅम संपताना ती ओळ बदलली आहे का ते तपासलं जातं आणि बदललेली असेल तर ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ असा एक संदेश येतो. तोपर्यंत आउटपुट मिळालेलं असतं, मग शेवटची ओळ कोण वाचतो? तोच कोड उबंटूवर पहिल्या झटक्यात पडतो आणि दोष उबंटूच्या नावावर जातो.

दोनच प्रश्न विचारायचे

इंट गुण = ७२;
इंट *प = &गुण;

‘गुण’ ही मेमरीतली ४ बाइटची जागा, आत ७२. ‘प’ हीसुद्धा मेमरीतली एक जागाच आहे, ६४ बिटांच्या मशीनवर ८ बाइटची, आणि तिच्या आतही एक आकडाच आहे. तो आकडा आपण पत्ता म्हणून वापरतो, एवढाच फरक. कागदावर दोन चौकोन काढा. एकावर लिहा १०००, आत ७२. दुसऱ्यावर लिहा २०००, आत १०००. ‘प’ म्हटलं की उत्तर १०००. ‘&प’ म्हटलं की २०००. ‘*प’ म्हटलं की २००० मध्ये बघायचं, तिथला आकडा घेऊन त्या पत्त्यावर जायचं, म्हणजे ७२.

मुलांचा घोळ होतो तो स्टारच्या दोन कामांमुळे. डिक्लेरेशनमधला स्टार काहीच करत नाही, तो फक्त प्रकार सांगतो. वापरातला स्टार खरोखर त्या पत्त्यावर जातो. १९७२ च्या आसपास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली तेव्हा डिक्लेरेशन हे वापरासारखं दिसावं असं ठरवलं: ‘*प’ लिहिल्यावर इंट मिळतो, म्हणून ‘इंट *प’. कल्पना चांगली होती, नवशिक्यांना तापदायक ठरली. ‘इंट* प, क;’ असं लिहिलं तर फक्त ‘प’ पॉइंटर होतो आणि ‘क’ साधा इंट. म्हणून स्टार नावाला चिकटवून लिहा, प्रकाराला नको.

आता ‘*प’ किंवा ‘प->काहीतरी’ दिसेल तिथे दोन प्रश्न विचारा. एक, ‘प’च्या चौकोनात आत्ता जो आकडा आहे तो कुणी, कोणत्या ओळीवर टाकला? दोन, त्या पत्त्यावरची जागा या क्षणी माझी आहे का, आणि असली तर किती बाइट? पहिल्याचं उत्तर बोट ठेवून दाखवता आलं नाही तर चूक तिथे. दाखवता आलं तर चूक दुसऱ्यात. स्टार वाढवून किंवा कमी करून यातल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर बदलत नाही. बदललंच तर फक्त चुकीची जागा बदलते.

पत्ता टाकलाच नाही

इंट *प;
*प = ५०;

इथे ‘प’च्या चौकोनात आधीचा कचरा आहे. तो कचरा एखाद्या तुमच्याच पानाचा पत्ता निघाला की ‘काल चाललं होतं’. -वॉल दिलं तर जीसीसी असा साधा प्रकार बहुतेक वेळा पकडतो. ‘चार *नाव;’ (इथे ‘चार’ म्हणजे अक्षराचा प्रकार, आकडा नव्हे) लिहून लगेच ‘%एस’ने नाव वाचायला जाणं हा याचाच भाऊ.

स्कॅनएफमध्ये ॲम्परसँड विसरणं हे वरवर वेगळं दिसतं, पण आतून हेच. ‘स्कॅनएफ("%डी", गुण)’ लिहिलं की गुणमधला आकडा पत्ता म्हणून वापरला जातो. गुण शून्य असेल तर शून्य पत्त्यावर लिहायचा प्रयत्न. ॲरेच्या नावापुढे मात्र ॲम्परसँड लागत नाही, कारण तिथे नावातूनच पहिल्या घटकाचा पत्ता मिळतो.

एक उपयोगी खूण सांगते. सॅनिटायझर ‘सेगव्ही’ (सेगमेंटेशन फॉल्टच) सांगताना कोणत्या पत्त्यावर घोटाळा झाला तो हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायात छापतो. तो पत्ता पूर्ण शून्य असेल तर सरळ नल. पण कधी कधी तो ८ असतो, किंवा १० (म्हणजे आपले १६), किंवा असाच एखादा चिमुकला आकडा. तेव्हाही आधी नलचाच संशय घ्यायचा. नोडमध्ये ‘डेटा’ शून्याव्या बाइटला आणि ‘नेक्स्ट’ (पुढच्या नोडचा पत्ता) आठव्या बाइटला असेल, तर ‘नल->नेक्स्ट’ म्हणजे ० अधिक ८. पत्ता बघूनच कोणतं फील्ड वाचत होता ते कळतं, कोड उघडायचीही गरज नाही.

यादी रिकामीच दिसते

सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार हा. यात बहुतेक वेळा प्रोग्रॅम पडतही नाही.

व्हॉइड पुढे_घाल(स्ट्रक्ट नोड *हेड, इंट क)
{
    स्ट्रक्ट नोड *न = मॅलॉक(साइझऑफ(*न));
    न->डेटा = क;
    न->नेक्स्ट = हेड;
    हेड = न;
}

मेनमधून ‘पुढे_घाल(यादी, ५)’ असं बोलावलं. यादी छापली तर रिकामी. ‘पण मी पॉइंटरच पाठवला ना, मॅडम? पॉइंटर पाठवला की मूळ गोष्ट बदलते असं तुम्हीच सांगितलं होतं.’

सांगितलं होतं, आणि ते अर्धंच लक्षात राहिलं. सी मध्ये प्रत्येक गोष्ट नक्कल होऊन जाते, पॉइंटरसुद्धा. चौकोन काढा. मेनमध्ये ‘यादी’, पत्ता २०००, आत शून्य. फंक्शन सुरू झालं की ‘हेड’ नावाचा वेगळा चौकोन तयार होतो, समजा १८०० वर, आणि त्यात यादीतल्या शून्याची नक्कल. ‘हेड = न’ ने बदललं ते १८०० मधलं. २००० ला कुणी हात लावलाच नाही. फंक्शन संपलं, १८०० गेला, नवा नोड मात्र तसाच लोंबकळत राहिला आणि त्याचा पत्ता आता कुणाकडेच नाही.

पॉइंटर पाठवल्याने बदलता येतं ते त्याने दाखवलेल्या जागेवरचं. खुद्द ‘यादी’ बदलायची तर यादीचा पत्ता पाठवा. इंट बदलायला इंटचा एक स्टार लागतो, मग नोडचा पॉइंटर बदलायला दोन स्टार लागणार:

व्हॉइड पुढे_घाल(स्ट्रक्ट नोड **हेड, इंट क)
...
    न->नेक्स्ट = *हेड;
    *हेड = न;

आणि बोलावताना ‘पुढे_घाल(&यादी, ५)’. दुसरा मार्ग म्हणजे फंक्शनने नवा हेड परत करायचा आणि मेनमध्ये ‘यादी = पुढे_घाल(यादी, ५)’ लिहायचं. ओरलला डबल पॉइंटर विचारतातच, तो यायलाच हवा. स्वतःच्या कोडमध्ये मात्र मला परत करण्याची पद्धत आवडते, वाचताना काय बदललं ते त्या ओळीवरच दिसतं.

हा दोष इतका टिकतो कारण तो अर्धाच दिसतो. शेवटी नोड जोडणारं फंक्शन एकेरी पॉइंटर घेऊनही नीट चालतं, फक्त यादी आधीपासून रिकामी नको. तिथे आपण शेवटच्या नोडचा ‘नेक्स्ट’ बदलतो, म्हणजे पॉइंटरने दाखवलेल्या जागेवरच लिहितो. मग मुलांना वाटतं, एक फंक्शन चालतं तर दुसरं का नाही, आणि पुन्हा स्टार हलवणं सुरू होतं.

पहिला नोड काढून टाकणाऱ्या फंक्शनमध्ये हाच दोष जास्त महागात पडतो. फंक्शनने पहिला नोड फ्री केला, स्वतःचा ‘हेड’ पुढे सरकवला आणि संपलं. मेनमधली यादी अजून फ्री केलेल्या नोडकडेच बोट दाखवते आहे. ग्लिबसीच्या (लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या; जागा देणारा मॅलॉक आणि ती परत घेणारा फ्री तिच्यातच असतात) अलीकडच्या आवृत्त्या असा लहान तुकडा फ्री झाला की त्याच्या पहिल्या १६ बाइटमध्ये स्वतःच्या हिशेबाचे आकडे लिहितात. तुमचा नोडही नेमका १६ बाइटचा असतो: ४ बाइट इंट, ४ बाइट रिकामी जागा, ८ बाइट पॉइंटर. म्हणजे डेटाही गेला आणि नेक्स्टही गेला. यादी छापताना आधी एक अगम्य आकडा येतो आणि पुढच्या पावलाला फॉल्ट. अगम्य आकडा आणि लगेच फॉल्ट ही जोडी दिसली की छापणाऱ्या फंक्शनकडे बघूच नका, काढणाऱ्या फंक्शनकडे जा.

फंक्शनच्या आतली जागा बाहेर दिली

चार *नाव_घे(व्हॉइड)
{
    चार ब[३०];
    स्कॅनएफ("%२९एस", ब);
    रिटर्न ब;
}

पेठेतला वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली, आणि तुमच्याकडे जुन्या बिऱ्हाडाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आहे. चिठ्ठीवरचा पत्ता अगदी बरोबर आहे, तिथे जाताही येतं, दार उघडणारा माणूस वेगळा असतो. फंक्शन संपल्यावर ‘ब’ची जागा पुढच्या फंक्शनला मिळते. बहुतेक वेळा ते पुढचं फंक्शन म्हणजे तुमचा प्रिंटएफच, त्यामुळे छापायला गेल्यावर नावाच्या जागी चित्रविचित्र अक्षरं.

जीसीसी इथे इशारा देतो, ‘फंक्शन लोकल व्हेरिएबलचा पत्ता परत करतंय’. इतकंच करून तो थांबत नाही. अलीकडच्या आवृत्त्या या ठिकाणी तुमचा पत्ता टाकून देऊन सरळ नल परत करतात. त्यामुळे पत्ता ‘%पी’ने छापला की ‘निल’ दिसतं आणि मुलं चक्रावतात, कारण फंक्शनच्या आत तोच पत्ता छान छापला गेलेला असतो. मग कुणीतरी मधे ‘चार *ट = ब; रिटर्न ट;’ घालतं. इशारा जातो, निल जातं, प्रोग्रॅम ‘सुधारतो’. खरं तर आत्तापर्यंत निदान ठाम पडत होता, आता मनाला येईल तसा वागेल.

उपाय: बोलावणाऱ्याने ॲरे आणि त्याची लांबी द्यावी, फंक्शनने त्यात भरावं. मॅलॉकही चालतो, पण मग फ्री कुणी करायचं ते ठरवा. ‘स्टॅटिक’ लावायचा सल्ला मित्र देतात. त्याची प्रत एकच असते, दोन नावं वाचली की दोन्ही पॉइंटर नंतर वाचलेलं नावच दाखवतात. जीसीसीचा सॅनिटायझर लिनक्सवर १३ व्या आवृत्तीपासून हा प्रकार आपणहून बघतो; त्याआधीच्या आवृत्त्यांत त्यासाठी ‘एसॅन_ऑप्शन्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ‘डिटेक्ट_स्टॅक_यूज_आफ्टर_रिटर्न=१’ द्यावं लागतं.

जागा मागितली, पण कमी

आता त्या ‘एक फील्ड वाढवलं आणि पडला’ तक्रारीकडे. चुकलेली ओळ ही:

न = मॅलॉक(साइझऑफ(स्ट्रक्ट नोड *));

एक स्टार जास्त. नोडचा आकार मागायचा होता, नोडच्या पॉइंटरचा मागितला. ६४ बिटांवर ८ बाइट मिळाले, आणि नोड १६ चा. तरी चालतं! कारण ग्लिबसी आठ मागितले म्हणून आठच देत नाही. तिचा सगळ्यात लहान तुकडा ३२ बाइटचा, त्यातले २४ तुम्हाला वापरता येतात. सोळाचा नोड त्यात आरामात बसतो. असाइनमेंट एक, दोन, तीन, सगळी या फुकटच्या जागेवर पार पडतात.

चौथ्या असाइनमेंटला नोडमध्ये ‘चार नाव[२०]’ येतं. आता हिशेब: इंट ० ते ३, नाव ४ ते २३, नेक्स्ट २४ ते ३१. वापरता येणारे २४ बाइट संपले नेमके नेक्स्टच्या आधी. त्याच्या लगेच पुढे ग्लिबसीने स्वतःसाठी उरलेल्या हीपचा (मॅलॉक जिथून जागा देतो त्या मेमरीचा) आकार लिहून ठेवलेला असतो. तुम्ही ‘न->नेक्स्ट = नल’ लिहिलंत आणि त्या आकाराचं शून्य केलंत. पहिला नोड छान तयार झाला, कुठे काही दिसलं नाही. दुसऱ्या नोडसाठी मॅलॉक बोलावला की ग्लिबसीला आपला हिशेब जुळत नाही असं दिसतं आणि ‘सिसमॅलॉक: असर्शन फेल्ड’ अशा लांबलचक ओळीने प्रोग्रॅम मरतो.

जीडीबी या डीबगरमध्ये ‘बीटी’ (प्रोग्रॅम कुठून कुठे आला ते दाखवणारी आज्ञा) टाकून बघितलं तर मेलेली ओळ मॅलॉकची. मग मुलं मॅलॉक बदलून कॅलॉक करतात, पुढे टाइपकास्ट लावतात, रॅम कमी पडली का विचारतात. एकाने तर हे लॅबच्या मशीनच्या जुनेपणावर ढकललं होतं. चूक झाली ती पहिल्या नोडच्या वेळी, पडला दुसऱ्याच्या. सॅनिटायझर लावला असता तर तो पहिल्या असाइनमेंटलाच थांबला असता: ‘हीप बफर ओव्हरफ्लो, ८ बाइट लिहिले, ८ बाइटच्या जागेच्या लगेच पुढे’. ओळ क्रमांकासकट. खाली ती जागा कोणत्या ओळीवर मागितली होती तेही. ही दुसरी ओळ जास्त महत्त्वाची असते आणि तिथपर्यंत कुणी स्क्रोल करत नाही.

सवय एकच लावा: ‘न = मॅलॉक(साइझऑफ(*न))’. प्रकाराचं नाव दुसऱ्यांदा लिहायचंच नाही, मग ते चुकणारही नाही. ॲरे हवा असेल तर ‘मॅलॉक(संख्या * साइझऑफ(*अ))’. आणि फंक्शनला ॲरे पाठवल्यावर आतमध्ये साइझऑफने लांबी काढू नका. तिथे तो पॉइंटर असतो, उत्तर ८ येईल. लांबी वेगळी पाठवा.

उरलेलं थोडक्यात

‘चार *शहर = "पुणे";’ लिहून त्यातलं पहिलं अक्षर बदलायला गेलात तर उबंटूवर फॉल्ट. कोटातली अक्षरं फक्त वाचण्याच्या पानावर असतात. पुण्यात परस्पर बदल केलेला खपत नाही, एवढं लक्षात ठेवा. बदलायचं असेल तर ‘चार शहर[]’ लिहा, मग तुमची स्वतःची प्रत मिळते. टर्बो सी मध्ये पहिलं चालून जातं, तो पुरावा नव्हे.

‘फ्री: डबल फ्री डिटेक्टेड इन टीकॅश २’ हा संदेश म्हणजे एकच जागा दोनदा फ्री झाली. फ्री केल्यावर पॉइंटरमध्ये नल टाका हा सल्ला बरोबर आहे, पण तेवढ्याने सुटका नाही. त्याच जागेचा पत्ता दुसऱ्या व्हेरिएबलमध्येही असेल तर तो नल होत नाही. सॅनिटायझर इथे तीन ओळी देतो: कुठे वापरली, कुठे फ्री केली, कुठे मागितली. तिन्ही वाचा.

पत्ते दर वेळी वेगळे येतात, जर्नलमध्ये कोणते लिहायचे? हा दोष नाहीच. लिनक्स सुरक्षेसाठी स्टॅक, हीप वगैरे दर वेळी वेगळ्या जागी ठेवतं. जीडीबीत चालवलं तर ते सारखे येतात, कारण जीडीबी ही सोय आपणहून बंद करतं. जर्नलमध्ये कुठलेही लिहा, फक्त इंटच्या ॲरेतल्या शेजारच्या दोन घटकांत ४ चा फरक दिसला पाहिजे. एक्स्टर्नल विचारतात ते तेच: ‘प + १’ ने पत्ता १ ने का वाढला नाही? कारण पॉइंटर बाइट मोजत नाही, आपल्या प्रकाराचे घटक मोजतो.

पत्ता ऋण येतोय? तुम्ही ‘%डी’ने छापताय. ८ बाइटचा आकडा ४ बाइटच्या चौकटीत वाचला की असंच होणार. जुन्या पुस्तकातलं ‘%यू’ही इथे उपयोगाचं नाही. ‘%पी’ वापरा.

तरीही सापडलं नाही तर

सॅनिटायझर गप्प आणि उत्तर तरी चुकतंय, असं झालं तर न भरलेली जागा वाचली जात असण्याची शक्यता मोठी. मॅलॉकने दिलेल्या जागेत शून्य असतात हा गैरसमज इथे भोवतो, विशेषतः ‘नेक्स्ट’ला नल द्यायचं राहून गेलं असेल तर. सॅनिटायझर हे बघत नाही, व्हॅलग्राइंड (मेमरी तपासणारं वेगळं साधन) बघतं. पण त्याआधी -एफसॅनिटाइज काढून नुसत्या -जी ने पुन्हा कंपाइल करा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. आणि ‘--ट्रॅक-ओरिजिन्स=येस’ द्या, म्हणजे तो कचरा कोणत्या ओळीवर जन्मला ते कळेल. प्रोग्रॅम बराच सावकाश चालेल, त्याने घाबरू नका.

एवढं करूनही अडलात आणि कुणाला विचारायला गेलात, तर तीन गोष्टी घेऊन जा: कंपाइल करताना टाइप केलेली पूर्ण ओळ, सॅनिटायझरचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा मजकूर, आणि दोष दिसेल एवढाच लहान केलेला कोड. मजकूर कॉपी करून द्या. मॉनिटरचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आणि ओळ क्रमांक नेमका कडेला कापलेला, असलं काही पाठवलंत तर माझं पहिलं उत्तर ‘मजकूर पाठवा’ एवढंच असेल.